बॉम्बे ग्रुप असो की विक डी: दुर्मिळ रक्तगट डीएनएवरून कसा शोधायचा, सॅम्पलपासून रिपोर्टपर्यंत

रात्री साडेदहाला वॉर्डमधून सिस्टरचा फोन, "दादा, ओ पॉझिटिव्हच्या दोन बॅगा सांगितल्या होत्या, अजून आल्या नाहीत", आणि इकडे ब्लड बँकेत टेबलवर सहावी बॅग क्रॉसमॅच करून झालेली (म्हणजे पेशंटचं सीरम बॅगेतल्या पेशींशी जुळतं का बघून), सहाच्या सहा इनकॉम्पॅटिबल, न जुळणाऱ्या. पेशंट ओ, बॅगा ओ, तरी ट्यूब हलवली की तळाशी एकच घट्ट गोळा. पेशंट म्हणजे सिन्नरकडची एक बाळंतीण, रक्तस्राव चालू, आणि तिच्या शाळेच्या ओळखपत्रापासून ते गरोदरपणाच्या कार्डापर्यंत सगळीकडे "ओ पॉझिटिव्ह" लिहिलेलं. पहाटेपर्यंत कळलं की ती ओ नाहीच, बॉम्बे ग्रुप आहे. बॅगा मुंबईहून आल्या, बाई वाचली. पण नऊ महिन्यांत तिचा रक्तगट दोन-तीनदा तपासला गेला होता आणि एकदाही कोणी सीरम ग्रुपिंग (पेशंटचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी नसलेला द्रव भाग, माहीत गटाच्या पेशींशी लावून बघणं) केलं नव्हतं, हे मला अजून खुपतं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. डीएनएवरून रक्तगट कसा काढतात, कुठली पद्धत कधी वापरायची, रिपोर्ट कसा वाचायचा हे हळूहळू शिकत गेलो. ते सगळं इथे एकत्र लिहितोय, ब्लड बँकेत काम करणाऱ्यांसाठी, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) करणाऱ्या मुलांसाठी आणि ज्यांच्या घरात असा पेशंट निघालाय त्या नातेवाइकांसाठीसुद्धा. लेखभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल ती आधीच सांगून टाकतो: डीएनए टेस्ट उत्तर देते, पण प्रश्न आपल्याला टेबलवर, ट्यूबमध्येच ठरवावा लागतो. प्रश्न न ठरवता पाठवलेलं सॅम्पल म्हणजे पत्ता न लिहिता पोस्टात टाकलेलं पत्र.

थोडी पार्श्वभूमी

लाल पेशीच्या अंगावर साखरेच्या नाहीतर प्रोटीनच्या खुणा असतात, त्यांना अँटिजन म्हणतात, आणि त्या कुठल्या असणार हे आपल्या जीन्सवर ठरतं. ए-बी-ओ आणि आरएच आपल्याला माहीत असतात पण २०२५ पर्यंत अशा ४८ सिस्टिम मान्य झाल्यात. बहुतेक वेळा बाकीच्या ४६ कडे बघायची गरजच पडत नाही, आणि जेव्हा पडते तेव्हा वेळ हातात नसतो.

बॉम्बे ग्रुप १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा मांडला, म्हणून ते नाव. ए आणि बी या दोन्ही खुणा एच नावाच्या पायावर उभ्या राहतात. ओ ग्रुपवाल्याकडे नुसता पाया असतो, वर काही नाही. बॉम्बेवाल्याकडे पायाच नसतो. त्यामुळे अँटी-ए, अँटी-बी टाकलं की तो ओ सारखाच दिसतो, पण त्याच्या सीरममध्ये एचच्या विरुद्धची जोरदार अँटिबॉडी असते आणि ओ रक्तात तर एच भरभरून. म्हणून ओ ची बॅग त्याच्यासाठी सगळ्यात घातक. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगतात, युरोपात दहा लाखांत एक. म्हणजे परदेशी पुस्तकात हा विषय दोन ओळींत संपतो, पण नाशिकसारख्या शहरात असे पुष्कळ लोक स्वतःला ओ समजून फिरत असणार.

पायरी पहिली: डीएनएच्या आधी सेरॉलॉजी नीट करा

सेरॉलॉजी म्हणजे पेशी आणि सीरम मिसळून करायच्या टेस्ट. इथे घाई करू नका, अर्धा शोध इथेच लागतो.

सेल ग्रुपिंग (पेशंटच्या पेशींना अँटी-ए, अँटी-बी लावून बघणं) आणि सीरम ग्रुपिंग दोन्ही करा, स्लाइडवर नको, ट्यूबमध्ये नाहीतर जेल कार्डमध्ये. सीरम ग्रुपिंगमध्ये ए सेल आणि बी सेलबरोबर ओ सेल घ्यायलाच पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ओ सेल वगळतात, आणि बॉम्बे ग्रुप नेमका तिथेच निसटतो. बरोबर ऑटो कंट्रोल लावा, म्हणजे पेशंटच्याच पेशी आणि पेशंटचंच सीरम. बॉम्बेचं चित्र असं दिसतं: अँटी-ए निगेटिव्ह, अँटी-बी निगेटिव्ह, सीरमची ए, बी, ओ तिन्ही सेलशी फोर प्लस, म्हणजे सगळ्यात जोरदार रिॲक्शन, आणि ऑटो कंट्रोल स्वच्छ निगेटिव्ह. ऑटो कंट्रोल पॉझिटिव्ह आला तर गोष्ट वेगळी आहे, थंड तापमानाला काम करणारी ऑटोअँटिबॉडी (स्वतःच्याच पेशींविरुद्धची) असेल, ऑटोइम्यून हिमोलिसिस (शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडतंय) असेल, मग कूम्ब्स (पेशींवर अँटिबॉडी चिकटलीय का बघणारी टेस्ट) करा आणि त्या वाटेने जा.

मग अँटी-एच लेक्टिन, म्हणजे एच ला चिकटणारं वनस्पतीतलं प्रोटीन. हे युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. ओ पेशी त्याने जोरात गोळा होतात, बॉम्बेच्या अजिबात होत नाहीत. जाता जाता सांगतो, ए गटाचे ए-१ आणि ए-२ हे दोन उपप्रकार वेगळे करायला जे अँटी-ए-१ लेक्टिन वापरतो ते डॉलिकोस बायफ्लोरसचं, म्हणजे आपले हुलगे. ज्याचे शेंगोळे आपण थंडीत खातो त्याच कुळथाच्या बीमध्ये ए-१ ओळखायची ताकद आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार छान वाटलं होतं आणि आता प्रत्येक नव्या ट्रेनीला मी ते सांगतो, त्याने लेक्टिन डोक्यात पक्कं बसतं.

जमलं तर लाळेची टेस्टही करा. लाळेत एच सापडतो का यावरून पेशंट सिक्रेटर (लाळेत अँटिजन सोडणारा) आहे की नाही कळतं, आणि खरा बॉम्बे की पॅरा-बॉम्बे (ज्याच्या लाळेत एच असतो) हे ठरवताना ते लागतं.

आता प्रश्न ठरवायचा. माझ्या वहीत मी असं लिहून ठेवलंय:

ओ दिसतोय पण ओ सेलशीही रिॲक्शन आणि ऑटो निगेटिव्ह असेल तर एफयूटी-१ (लाल पेशीवरचा एच बनवणारा) आणि एफयूटी-२ (लाळेतला एच बनवणारा) जीन बघायला सांगा.

सेल ग्रुपिंगमध्ये ए किंवा बी फार कमजोर आणि सीरमशी जुळत नसेल तर एबीओ जीन, त्यातही एक्सॉन (जीनमधले प्रोटीनचा कोड असलेले तुकडे) ६ आणि ७. पण थांबा, आधी पेशंटचा आजार विचारा. ल्युकेमियात ए अँटिजन कमजोर पडू शकतो, आतड्याच्या इन्फेक्शनमध्ये ए चा बी सारखा भास होतो, तान्ह्या बाळाच्या आणि खूप म्हाताऱ्या माणसाच्या सीरममध्ये अँटिबॉडी कमीच असतात. हे सगळं जीनमध्ये सापडणार नाही कारण ते जीनमध्ये नाहीच.

एका लॅबने आरएच पॉझिटिव्ह दिला आणि दुसरीने निगेटिव्ह, तर विक डी असू शकतो, म्हणजे आरएचचा डी अँटिजन आहे पण कमजोर; मग आरएचडी जीन.

थॅलेसिमिया किंवा सिकलसेलचं मूल, वर्षानुवर्षं रक्त चढतंय आणि आता बॅग जुळेना, तर एकाच जीनचा प्रश्न नाही, सगळ्या महत्त्वाच्या अँटिजनचं पॅनेल लागेल.

आणि शेवटचा, सगळ्यात अवघड: अँटिबॉडी पॅनेलच्या (अँटिजन माहीत असलेल्या पेशींचा संच) सगळ्या सेलशी रिॲक्शन, ऑटो निगेटिव्ह, एच मात्र व्यवस्थित. म्हणजे जगातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे असलेला कुठलातरी अँटिजन या माणसाकडे नाही. याला थेट रेफरन्स लॅब. फक्त एक गोष्ट तपासून घ्या, पेशंटला मल्टिपल मायलोमासाठी (एक प्रकारचा कॅन्सर) डाराट्युमुमॅब चालू आहे का. हे औषध लाल पेशीवरच्या सीडी-३८ या प्रोटीनला चिकटतं आणि पॅनेलच्या सगळ्या ट्यूब पॉझिटिव्ह येतात. लॅबला हे कळवलं तर ते डीटीटी नावाच्या रसायनाने पेशी ट्रीट करून बघतात, नाही कळवलं तर सगळ्यांचे दिवस वाया जातात.

पायरी दुसरी: सॅम्पल

लाल पेशीत न्यूक्लियस नसतो म्हणजे डीएनए नाही. आपल्याला हवा असतो पांढऱ्या पेशींचा डीएनए. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये ३ ते ५ मिली रक्त घ्या, शक्यतो दोन ट्यूब. सीरमसाठी साधी ट्यूब वेगळी. हेपॅरिनची हिरवी ट्यूब डीएनएसाठी नको, हेपॅरिन पीसीआरला (डीएनएच्या कॉपी काढायची प्रक्रिया) अडवतं. ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करा, गुठळी झालेल्या ईडीटीए सॅम्पलमधून डीएनए कमी निघतो.

रक्त चढवायच्या आधी सॅम्पल मिळालं तर उत्तमच, कारण सेरॉलॉजी तेव्हाच खरी दिसते. रक्त चढून गेलं असेल तर पेशंटच्या आणि दात्याच्या लाल पेशी एकमेकांत मिसळलेल्या असतात आणि फिनोटाइप (पेशीवर प्रत्यक्ष कुठले अँटिजन आहेत ते) काढताच येत नाही, आणि डीएनए टेस्टचा खरा उपयोग इथे आहे, कारण बॅगेतून आलेल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या पांढऱ्या पेशींपुढे इतक्या थोड्या असतात की निकालावर सहसा फरक पडत नाही. बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाचं मात्र तसं नाही, त्याच्या रक्तातला डीएनए दात्याचा असतो. तिथे गालाच्या आतला स्वॅब नाहीतर केसाची मुळं घ्यावी लागतात, आणि स्वॅबमध्येही दात्याच्या पेशी सापडू शकतात. म्हणून फॉर्मवर ट्रान्सप्लांट झालंय की नाही हे ठळक अक्षरात लिहा.

ट्यूब २ ते ८ डिग्रीला ठेवा, डीपफ्रीझमध्ये टाकू नका, गोठलं की लाल पेशी फुटतात आणि सेरॉलॉजी परत करायला काही उरत नाही. डीएनए तसा चिवट असतो, फ्रिजमध्ये काही दिवस टिकतो, पण पेशींच्या टेस्टसाठी ताजं रक्त लागतं म्हणून उशीर नको.

नाशिकहून रेफरन्सला पाठवायचं तर आपल्याला जवळची जागा म्हणजे मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारातली एनआयआयएच, आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था. १९५७ साली ती ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर म्हणूनच सुरू झाली होती, म्हणजे हे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. आधी फोन करा, काय सापडलंय ते सांगा, कुठल्या ट्यूब किती हव्यात, फॉर्म कुठला, खर्च किती, निकाल कधी हे विचारून घ्या. मग थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक, पॅक आणि ट्यूबमध्ये कापसाचा नाहीतर कागदाचा जाड थर, ट्यूब बर्फाला थेट टेकता कामा नये. आम्ही सिन्नरच्या बाईचं सॅम्पल तिच्या दिरासोबत सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने पाठवलं होतं. नाशिकरोडला बसला, दादरला उतरला, तिथून परळ जवळच. कुरियरपेक्षा घरचा माणूस गेलेला मला बरा वाटतो, कारण लॅबने दोन प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला कोणीतरी असतं. फक्त त्याच्या हातात सगळी कागदपत्रं द्या: वय, आजार, आधी रक्त चढलंय का आणि कधी, किती बाळंतपणं, कुठली औषधं, आईवडील नात्यातले आहेत का, भावंडांचे गट, आणि तुमच्या सेरॉलॉजीचे निकाल रिॲक्शनच्या ताकदीसकट. नुसतं "ग्रुप डिस्क्रेपन्सी" लिहून पाठवू नका.

आणि संमती. पेशंटला मराठीत समजावून सही घ्या. जीनची टेस्ट आहे, घरातल्या नात्यांबद्दलही त्यातून काही बाहेर येऊ शकतं, हे आधी सांगणं आपलं काम आहे.

पायरी तिसरी: डीएनए काढणं

यात फार बोलण्यासारखं नाही. सिलिका कॉलमची किट मिळतात, मिठाने प्रोटीन खाली बसवायची जुनी पद्धतही चालते. काढलेला डीएनए मोजा, २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. ते खाली घसरलं तर प्रोटीन राहिलंय, पुन्हा धुवा. खराब डीएनएवर पुढे चांगला पीसीआर होत नाही, आणि मग बँड (जेलवर दिसणारी डीएनएची पट्टी) का आला नाही यावर दोन दिवस डोकं फोडावं लागतं.

पायरी चौथी: पद्धत निवडणं

माहीत असलेला बदल शोधायचा असेल तर पीसीआर-एसएसपी. कल्पना सोपी आहे. प्रायमर म्हणजे डीएनएवर जाऊन चिकटणारा छोटा तुकडा, त्याचं शेवटचं अक्षर (डीएनएची अक्षरं म्हणजे ए, टी, जी, सी) जुळलं तरच कॉपी पुढे सरकते. मग दोन ट्यूब लावायच्या, एकीत मूळ अक्षराचा प्रायमर, दुसरीत बदललेल्या अक्षराचा. ९५ डिग्रीला डीएनएचे दोन धागे सुटतात, साठीच्या आसपास प्रायमर चिकटतो, ७२ ला कॉपी होते, असे ३० ते ३५ फेरे, आणि मग दोन टक्के ॲगरोज जेलवर चालवून बघायचं बँड कुठल्या ट्यूबमध्ये आला.

बॉम्बेसाठी ही पद्धत आपल्याकडे फार कामाची आहे. भारतातल्या बॉम्बे लोकांमध्ये मुख्यत्वे एकच जोडगोळी सापडते: एफयूटी-१ जीनमध्ये ७२५ नंबरला टी च्या जागी जी, आणि शेजारचा एफयूटी-२ जीन अख्खाच गायब, जवळपास दहा हजार अक्षरांचा तुकडा उडालेला. दोन्ही जीन १९ नंबरच्या क्रोमोसोमवर शेजारी शेजारी असल्यामुळे हे दोन्ही दोष पिढ्यान्‌पिढ्या हातात हात घालून चालत आलेत. म्हणून आधी ७२५ साठी दोन ट्यूब, मग एफयूटी-२ च्या तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना प्रायमर लावून एक पीसीआर. तुकडा उडालेला असेल तर दोन टोकं जवळ येतात आणि छोटा बँड मिळतो, तुकडा जागेवर असेल तर अंतर इतकं मोठं की काही येत नाही. "काही येत नाही" यावर मात्र विश्वास ठेवायचा नाही, म्हणून जीनच्या आतल्या भागाचा वेगळा पीसीआर बरोबर लावतात.

कंट्रोलबद्दल मी कडक आहे. प्रत्येक ट्यूबमध्ये दुसऱ्या कुठल्यातरी जीनचा इंटर्नल कंट्रोल बँड हवा, म्हणजे रिॲक्शन चालली एवढं तरी कळतं. शिवाय रनमध्ये एक माहीत असलेला पॉझिटिव्ह, एक माहीत असलेला निगेटिव्ह आणि एक ट्यूब डीएनए न घालता नुसत्या पाण्याची. पाण्याच्या ट्यूबमध्ये बँड आला तर सगळा रन फेकून द्या. कितीही घाई असली तरी.

रिअल टाइम पीसीआर म्हणजे हेच तत्त्व, जेलऐवजी चमकणारा रंग. वेगवान, कंटॅमिनेशन कमी, सॅम्पल जास्त असतील तर परवडतं.

थॅलेसिमिया-सिकलसेलच्या मुलांसाठी ॲरे, म्हणजे अनेक बदल एकदम बघणारी टेस्ट. इम्युकॉरचं बीडचिप किंवा ग्रिफोल्सचं आयडी कोर एक्सटी अशी किट एका सॅम्पलमधून तीसहून जास्त अँटिजनचा अंदाज देतात: आरएचचे सी-ई, केल, डफी, किड, एमएनएस वगैरे सिस्टिमचे. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण भागातून सिकलसेलची मुलं येतात आणि थॅलेसिमियाची मुलं तर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घेतात. माझं मनापासून म्हणणं आहे की पहिली बॅग चढायच्या आधी प्रत्येक मुलाचा निदान आरएच आणि केल फिनोटाइप काढून फाइलला लावावा, तो साध्या अँटीसेऱ्याने (अँटी-ए सारख्या तयार द्रावणाने) निघतो, डीएनएची गरजही नाही. तेव्हा राहून गेलं की मग जीनोटाइपच, म्हणजे डीएनएवरून काढलेला गटच, उरतो. ॲरेची मर्यादा एवढीच की चिपवर जे बदल छापलेत तेच त्याला दिसतात. त्यातले बरेच युरोपातल्या लोकांवरून निवडलेले आहेत.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण विक डी. युरोपात विक डी म्हटलं की बहुतेक टाइप १, २ किंवा ३ निघतो आणि किटही त्यावरच बेतलेली असतात. आपल्या लोकांचं सॅम्पल त्या किटवर टाकलं की वारंवार "टाइप १, २, ३ नाही" एवढंच उत्तर येतं. भारतीय लोकांच्या अभ्यासात असं सापडलं की आपल्याकडे आरएचडी जीनचा एक्सॉन ३ दोनदा आलेला असण्याचा प्रकार बऱ्यापैकी आढळतो, त्याला विक डी टाइप १५० म्हणतात. गंमत बघा, यात एकही अक्षर चुकलेलं नाही, नुसती एक कॉपी जास्त. त्यामुळे दहाही एक्सॉनचं सँगर सिक्वेन्सिंग (जीन अक्षर अक्षर वाचणं) केलं तरी सगळं नॉर्मल दिसतं. इथे एक्सॉनच्या कॉपी मोजणारी टेस्ट लागते, एमएलपीए किंवा डिजिटल पीसीआर. म्हणून विक डी चा रिपोर्ट "सिक्वेन्स नॉर्मल" असा आला तर लॅबला विचारा की कॉपी मोजल्या का. टाइप १, २, ३ च्या गरोदर बाईला अँटी-डी इंजेक्शनची (आरएच निगेटिव्ह आईला देतात ते) गरज नाही असं सांगितलं जातं, ते दुसऱ्या टाइपला लावू नका. टाइप पक्का होईपर्यंत पेशंट म्हणून निगेटिव्ह धरायचं, तीच व्यक्ती रक्तदाता असेल तर बॅगेवर पॉझिटिव्ह, हा आपला नेहमीचा नियमच सुरक्षित.

माहीत असलेले बदल सापडले नाहीत तर सँगर सिक्वेन्सिंग. एफयूटी-१ इथे सोपा, प्रोटीनचा सगळा कोड एकाच एक्सॉनमध्ये, १०९८ अक्षरं, दोन तुकड्यांत वाचून होतो. एबीओचे सात एक्सॉन आहेत पण कामाचा बहुतेक भाग ६ आणि ७ मध्ये. ओ चा नेहमीचा बदल, २६१ नंबरचं एक जी गळून पडणं, एक्सॉन ६ मध्येच दिसतो. अडचण अशी की दोन बदल दिसले तर ते एकाच क्रोमोसोमवर आहेत की आईकडून एक आणि वडिलांकडून एक, हे साध्या सँगरमध्ये कळत नाही. त्यासाठी एकाच अलीलचा (एका पालकाकडून आलेल्या कॉपीचा) पीसीआर करून वेगळं वाचावं लागतं, नाहीतर आईवडिलांची सॅम्पल घ्यावी लागतात, आणि दुसरा उपाय पुष्कळदा स्वस्त पडतो.

एनजीएस (पुष्कळ जीन एकदम वाचणारं सिक्वेन्सिंग) शेवटी, जेव्हा कुठल्या जीनला विचारायचं हेच माहीत नसतं तेव्हा. २०२५ मध्ये मान्य झालेला ४८ वा सिस्टिम, पीआयजीझेड, असाच सापडला: ग्वाडेलूपच्या एका बाईचं सॅम्पल २०११ पासून न उलगडता पडून होतं, २०१९ मध्ये सिक्वेन्सिंगने धागा मिळाला. आपल्याकडचं उदाहरण कोलारच्या ३८ वर्षांच्या बाईचं. हार्टचं ऑपरेशन होतं, ओ पॉझिटिव्ह पण एकही बॅग जुळेना, नातेवाइकांतल्या वीस जणांपैकीही कोणी जुळलं नाही, शेवटी ऑपरेशन रक्त न चढवता केलं. बेंगळुरूहून सॅम्पल इंग्लंडला ब्रिस्टलच्या रेफरन्स लॅबला गेलं, दहा महिने लागले, आणि क्रोमर सिस्टिममधला नवा अँटिजन निघाला, क्रिब नावाचा. दहा महिने म्हणजे पेशंटला तातडीच्या वेळी या टेस्टचा उपयोग नाही हे लक्षात घ्या, तो पुढच्या वेळेसाठी असतो. एनजीएसची एक जुनी दुखरी जागा म्हणजे आरएचडी आणि आरएचसीई, दोघं इतके सारखे की छोटे छोटे तुकडे कुठल्या जीनचे हे ओळखताना सॉफ्टवेअर चुकतं. लाँग रीडची (लांब तुकडे वाचणारी) मशिन तिथे मदत करतात.

पायरी पाचवी: रिपोर्ट वाचताना

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा. कुठला बदल आणि तो एका कॉपीवर की दोन्ही. त्यावरून बांधलेला फिनोटाइपचा अंदाज. आणि टेस्टने काय तपासलं नाही, ते बहुतेक खाली बारीक अक्षरात असतं.

"अंदाज" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. डीएनए सांगतो पेशीवर काय असायला हवं, प्रत्यक्षात काय आहे हे सेरॉलॉजी सांगते. समजा किड सिस्टिममध्ये टेस्टने जेके-बी अँटिजनचं अक्षर बघितलं आणि पॉझिटिव्ह दिलं, पण त्याच जीनमध्ये पुढे कुठेतरी तो बंद पाडणारा दुसरा दोष आहे जो तपासलाच नाही, तर पेशीवर काहीही नसेल आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह. दोन्ही जुळत नसतील तर आधी सॅम्पल बदललं का बघा, मग ट्रान्सप्लांट, मग रक्त चढल्याची तारीख, मग लॅबशी बोला. तोपर्यंत रक्त देताना अँटिबॉडी आणि क्रॉसमॅच काय म्हणतात तेच ऐका. एकट्या डीएनए रिपोर्टवर बॅग इश्यू करायची नाही.

बॉम्बेत एफयूटी-१ बंद पण एफयूटी-२ चालू निघाला तर तो पॅरा-बॉम्बे, लाळेत एच असतो, अँटिबॉडी सहसा कमजोर असते. पण पेशंट समोर असताना स्वतःच्या मनाने ओ देऊ नका, रेफरन्स लॅबला विचारा.

पायरी सहावी: घरच्यांना बोलवा

बॉम्बे ग्रुप हा दोन्ही बाजूंनी दोष आला तरच होतो. आईवडील दोघं वाहक (प्रत्येकाकडे एक सदोष कॉपी), दिसायला साधे ए, बी, ओ. प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता. आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्नं होतात, त्या घरांत ही शक्यता वाढते, म्हणून पेशंटपाठोपाठ लगेच सख्खी भावंडं, मग मावश्या-मामा-काका. त्यांच्यासाठी आधी डीएनए नको, ओ सेल आणि अँटी-एच लेक्टिन पुरेसं आहे, त्यात संशय आला त्यांचंच पुढे पाठवा. पेशंटची मुलं बहुतेक साधी निघतात कारण दुसऱ्या पालकाकडून चांगली कॉपी मिळते.

आणि इथे एक गोष्ट फार जपून सांगायची असते. बॉम्बे माणसाच्या पोटात ए किंवा बी चा जीन लपलेला असू शकतो, पाया नसल्यामुळे दिसत नाही इतकंच. आई कागदावर ओ, बाप ओ, आणि मूल ए. अशा वेळी घरात काय बोललं जातं हे आपल्याला माहीत आहे, आणि बोट नेहमी बाईकडेच जातं. म्हणून बॉम्बेच्या रिपोर्टबरोबर एबीओ जीनही बघायला सांगा आणि नवरा-सासूला समोर बसवून साध्या भाषेत समजवा की हिच्याकडे ए होताच, तो बाळाला मिळाला, बापाकडून एच चा पाया मिळाला, म्हणून ए दिसला. सिन्नरच्या बाईच्या घरी हे नेमकं लागलं. तिचं बाळ बी होतं, नवरा ओ. मी अर्धा तास बोललो, कागदावर चित्र काढून दाखवलं, आणि सासूबाईंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पायरी सातवी: कार्ड आणि नोंद

रिपोर्ट कपाटात पडून राहिला तर सगळी धावपळ फुकट. प्लास्टिकचं कार्ड करा, त्यावर मोठ्या अक्षरात "बॉम्बे ग्रुप, ओ देऊ नये", अँटिबॉडी कुठली, लॅबचं नाव, तारीख. फोनमध्ये फोटो, घरातल्या दोघांच्या फोनमध्येही. जुन्या कार्डांवरचं ओ खोडून घ्या, आधारबरोबर ठेवलेलं, शाळेचं, कंपनीचं, सगळं. एनआयआयएचकडे दुर्मिळ रक्तदात्यांची नोंदवही आहे, तिथे नाव द्या, आणि आपल्या ब्लड बँकेतही वेगळ्या रजिस्टरला.

निरोगी बॉम्बे माणसाने कॅम्पात जाऊन सहज रक्त देऊ नये, बॅगेवर ओ चं लेबल लागलं तर ते रक्त चुकीच्या ठिकाणी जाईल आणि खऱ्या गरजेच्या वेळी त्याचे दोन रक्तदानांमधले दिवस पूर्ण झालेले नसतील. आपल्या नियमात पुरुषांना ९० दिवस आणि बायकांना १२० दिवसांचं अंतर आहे. बोलावलं की यायचं. ठरलेलं ऑपरेशन असेल तर स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवता येतं, आणि जिथे सोय आहे तिथे ग्लिसरॉल घालून उणे ८० ला गोठवलेल्या लाल पेशी दहा वर्षं ठेवतात. साधी बॅग ३५ नाहीतर ४२ दिवसांत संपते.

सिन्नरच्या बाईच्या तीन भावंडांना आम्ही बोलावलं. दोघं साधे निघाले. थोरला भाऊ, अंबडला एमआयडीसीत कामाला आहे, तो बॉम्बे निघाला, त्याच्या कंपनीच्या आयकार्डवरही ओ पॉझिटिव्हच होतं. ते कार्ड त्याने त्याच आठवड्यात बदलून घेतलं. त्यानंतर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा शिफ्ट सोडून आला, आणि आता बहिणीचं दुसरं बाळंतपण जवळ आलंय तर आमच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे ९० दिवस पूर्ण होण्याची तारीख लाल पेनाने लिहिलेली आहे.